आक्काच्या समाचाराला

चिंचवड, ८ नोव्हेंबर १९५४

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. साष्टांगच घालतो, कारण ताठ उभं राहून बोलायची माझी लायकी उरली नाही असं आबांचं मत आहे. कॉलेज सोडल्याचं त्यांनी तुला कळवलंच असेल, शिव्यांसकट. माझी बाजू एवढीच, की प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या 'न्हाई'ची नक्कल केली आणि पोरं हसली. मी म्हणालो, "सर, तुमचं इंग्रजी ऐकून इंग्रजही असाच हसत मायदेशी गेला." मग माफीची गोष्ट निघाली. मी टोपी उचलली आणि इंटरचं वर्ष तिथंच बाकावर ठेवून आलो.

आबांनी मोशीच्या घराचं दार लावून घेतलं. सध्या चिंचवडला डॉक्टर नानासाहेबांच्या दवाखान्यात आहे. कंपाउंडर नव्हे. त्याला बाटल्या धुता याव्या लागतात. माझं काम त्याहून मोठं आहे. डॉक्टरांकडे काही पेशंट असे आहेत, की जे बरे होत नाहीत आणि यायचेही थांबत नाहीत. गेनबाची कंबर, अंबूबाईचे गुडघे, ठकुबाईची अर्धशिशी. दुखणी वर्षानुवर्षांची, गोष्ट रोज नवी. डॉक्टर म्हणाले, "भिमाजी, तुला बोलायची खाज आहे. ओट्यावर बस आणि ह्यांना धीर दे. मला तापाचे रोगी तपासू दे." तर मी धीर देतो. सकाळी आठपासून संपेपर्यंत. धीर, म्हणजे त्यांचा संपेपर्यंत.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहतोय. गेनबाला वाटतं, तो सुरू झाला की नुसत्या वाऱ्यानं त्याची कंबर सरळ होईल. मी म्हणालो, "कारखान्याकडे पाठ करून झोप." तो खरंच झोपतो.

आणखी एक सांगायचं होतं. ठकुबाईला दवाखान्यात घेऊन येते तिची मुलगी, सगुणा. वडील मुंबईला गिरणीत असतात, म्हणून घरचं सगळं तीच बघते. परवा मला म्हणाली, "आईचं डोकं ठणकतंय, आन तुमी येवढ्या मोठ्यानं धीर देताय!" आक्का, असा आवाज! तेव्हापासून मला जेवण जात नाही. हे दुखणंही बरं होण्यातलं दिसत नाही.

तुझे हात कसे आहेत? माझं ऐक, मन घट्ट कर. मन घट्ट केलं की वेदना पळते. रोज दहा जणांना सांगतो, अनुभवाचे बोल आहेत.

तुझा,
भिमाजी


कुरुळी, २१ नोव्हेंबर १९५४

चि. भिमाजीस आशीर्वाद. त्यातला मोठा वाटा अक्कल येण्यासाठी.

मन घट्टच आहे रे माझं, बोटांचं काय ते सांग. सकाळी मूठ मिटत नाही, मिटली की उघडत नाही. हे पत्रही थोडं थोडं लिहितेय. चौथीच्या मास्तरांनी छड्या मारून शुद्ध लिहायला शिकवलं. त्या छड्या आता सगळ्या एकदम लागतायत असं वाटतं.

तुझ्या दवाखान्यात दुखणं सांगायला ओटा तरी आहे. इथं मी ढोंगी आहे. तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. पाच वर्षांपूर्वी तुझे दाजी मला पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, "हा आमवात जिवाला धोका करणार नाही, पण कायमचा जाणारही नाही." घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणला डाक्टर?" दाजी म्हणाले, "काय न्हाई झालेलं तिला." झालं. त्या दिवसापासून मला काही झालेलं नाही.

आमच्याकडे आजार मोजायचं माप एकच. समाचाराला किती माणसं आली. श्रावणात सासूबाईंना चार दिवस ताप आला, अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती. माझे हात नऊ वर्षं सुजतायत, एक चप्पल नाही. रोजचं दुखणं बघायला कोण येणार? भाकऱ्या थापतेय, धारा काढतेय, चाकणच्या शनिवारच्या बाजारात कांदा मीच उभी राहून विकतेय, म्हणजे बाई धडधाकट.

बरं व्हायची आशा मी केव्हाच सोडली. मला एवढंच पाहिजे की मी 'दुखतंय' म्हटलं की ते खरं धरावं, आणि तरी घर माझंच राहावं. जास्त मागतेय का?

ठकुबाईची मुलगी शहाणी दिसते. तिच्यापुढे हळू बोलत जा.

आक्का


चिंचवड, १ डिसेंबर १९५४

ती. आक्का,

तुझं पत्र वाचून माझं डोकं तडकलं. नऊ वर्षांत एक चप्पल नाही? काळजी करू नकोस. चपलांची व्यवस्था मी केली आहे.

गेनबाची बैलगाडी ठरली. येत्या रविवारी माझे सगळे पेशंट तुझ्या समाचाराला येतील. गेनबा, अंबूबाई, ठकुबाई आणि बाकीचे, गाडीत मावतील तेवढे. दुखण्याची खरी किंमत दुखणाऱ्यालाच कळते, तुझ्या सासूबाईंना कळू दे. ठकुबाईबरोबर सगुणाही येणार आहे. तो केवळ योगायोग आहे.

डॉक्टर म्हणाले, "अरे, कंबरेचे रोगी बैलगाडीतून नेतोस?" मी त्यांना म्हणालो, ध्येयासाठी थोडं सोसावं लागतं.

भिमाजी


कुरुळी, ९ डिसेंबर १९५४

चि. भिमाजीस,

तुझं पत्र आणि तुझी गाडी एकाच दिवशी पोचली. गाडी आधी.

तू बैलांजवळ उभा राहून भाषण करत होतास, म्हणून आत काय झालं ते तुला दिसलं नाही. माझ्या दुखऱ्या हातांची चौकशी करायला आलेल्या तुझ्या पलटणीला मी त्याच हातांनी पिठलं-भाकरी करून घातली. समाचाराला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आमच्याकडे रीत नाही, आणि चूल ढोंगी बाईच्याच ताब्यात असते.

गेनबाला गाडीतून दोघांनी उचलून उतरवलं. उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "ताई, बिब्बा लावा." अंबूबाई म्हणाली एरंडेल. मग कुणाचं जास्त दुखतं यावर दोघांचं भांडण लागलं. "माझ्या गुडघ्यापुढं तुमची कंबर म्हंजी लाडाची हाय," असं अंबूबाईचं म्हणणं. माझे हात कुणी बघितलेच नाहीत. फक्त तुझी सगुणा आत आली, काही न विचारता परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि म्हणाली, "तुमी सांगा, मी थापते." हात बघून तिनं औषध सांगितलं नाही. नुसतं "लई सुजलेत" म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं. मी चुलीत फुंकर घालत बसले, धुराचं निमित्त बरं असतं.

आता चमत्कार ऐक. तुझा बेत फळला. चिंचवडाहून गाडी भरून माणसं आली म्हटल्यावर वाडीतली झाडून सगळी घरं समाचाराला लोटली. अंगण चपलांनी भरलं. सासूबाईंनी एकदा चपलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर डोळ्याला लावला. "पोरी, एवढं झालंतं आन बोलली न्हाईस?"

माजघरात माझ्यासाठी घोंगडी अंथरली आहे. तिच्यावर बसून लिहितेय. कसं वाटतंय ते अजून कळत नाही.

आक्का


चिंचवड, १५ डिसेंबर १९५४

ती. आक्का,

जिंकलो! प्रोफेसरांना कुणीतरी कळवा. दोन वर्षं पुस्तकं घोकून जे आलं नसतं ते एका बैलगाडीनं केलं. तू आता स्वस्थ पड. घोंगडीवरून उठायचं नाही. राणीसारखी राहा, सेवा करून घे. नऊ वर्षांची वसुली आहे ती.

परतताना गाडीत सगुणा माझ्याशी आपण होऊन बोलली. म्हणाली, "आमी येऊ का म्हणून तुमच्या बहिणीला विचारलं होतं का?" मी म्हणालो, अचानक आनंद द्यायचा होता. त्यावर आकुर्डीपासून चिंचवडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

गेनबा तेव्हापासून अंथरुणात आहे. पण समाधानी आहे.

विजयी,
भिमाजी


कुरुळी, १८ जानेवारी १९५५

चि. भिमाजीस,

महिनाभर लिहिलं नाही. राण्यांना वेळ नसतो.

भाकरी थापायची बंद झाली, इथवर गोड वाटलं. मग पळी गेली. मग दुभत्याच्या कपाटाची किल्ली गेली. मग शनिवारी दाजी एकटेच कांदा घेऊन चाकणला गेले आणि व्यापाऱ्यानं सांगितला तो भाव घेऊन आले. मी म्हटलं, मला गाडीत नुसती बसवून न्या, तोंड तर सुजलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला जीव अडकवतीस बाजारात? द्येवाचं नाव घे." भजनी मंडळाला सांगून गुरुवारी माझ्या उशाशी टाळ वाजवले. धाकट्या पोराला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. मला पाणी द्यायला येणारी प्रत्येक बाई माझा चेहरा असा बघते, जसा आपण एसटी गेल्यावर रस्ता बघतो.

कळलं का तुला? काल मला काही झालेलं नव्हतं आणि आज मी मरायला टेकले आहे. मधे बसायला जागाच नाही ह्या घरात. दुखतं, पण जगतेय, असं माणूस त्यांच्या ध्यानातच येत नाही.

आता दम धरून वाच, उभा असशील तर बस. सासूबाईंनी पोरांसाठी नवी आई शोधली आहे. बायको जिवंत असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी आहे, आणि सासूबाई कायदा मोडणाऱ्यातल्या नाहीत. म्हणून त्या माझ्या मरणाची वाट बघून मग करणार आहेत. शब्द मात्र आत्ताच टाकून ठेवलाय. मुलगी समाचाराला आली होती तेव्हाच नजरेत भरली. परात ओढून घेते, भाकरी झरझर थापते, बोलते कमी.

हो. तीच.

ठकुबाईनंही नाही म्हटलेलं नाही. "माझं डोकं कवा फुटंल सांगता यत न्हाई, त्याआधी पोरीचं हात पिवळं व्हावं," असा तिचा निरोप आला. माघ संपायच्या आत मायलेकी घर बघायला येणार आहेत. दाजी गप्प आहेत. ते गप्पच असतात.

आक्का


चिंचवड, २२ जानेवारी १९५५

आक्का!

काठी तेल लावून ठेवली आहे. दाजींना विचार, हाडं कुठली मोडलेली चालतील.

आज दवाखान्यात ठकुबाईला सरळ म्हणालो, "माझ्या बहिणीच्या तिरडीवरून पोरीची वरात काढता काय?" तिचं डोकं चढलं, तिनं तिथंच भिंतीला धरलं. डॉक्टरांनी मला आठवडाभर ओट्यावर बसायची बंदी केली. धीर देणाऱ्यानं पेशंट आडवा केला म्हणे. सगुणानं आईला सावरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सगळ्यांचं दुखणं सोडवायला निघता, आन आमी निस्तरतो." त्यात मला कौतुक सापडलं नाही, बरंच शोधलं तरी.

पण उपाय सापडलाय! साधा आहे. मी तुझ्या सासूबाईंना पत्र लिहितो, की आक्काला काहीसुद्धा झालेलं नाही, हात ठणठणीत आहेत, सगळं सोंग होतं आणि ते मीच रचलं. तू उद्यापासून उठ, दळ, कांड, धारा काढ. आठ दिवस दात आवळून कर. सासूबाईंची खात्री पटली की सोयरीक बारगळली. तुझी चूल तुला, माझी सगुणा मला.

पत्र लिहून तयार आहे. तुझं उत्तर आलं की टाकतो.

भिमाजी


कुरुळी, २७ जानेवारी १९५५

भिमा,

ते पत्र टाकलंस तर मोशीचं दार आबांनी लावलंय, कुरुळीचं मी लावीन.

सोंग होतं असं लिहिणार? नऊ वर्षांनी एका माणसानं 'सुजलेत' म्हटलं, ते तू पुसून टाकणार? आणि आठ दिवस दात आवळून काय कर म्हणतोस? तेच तर मी नऊ वर्षं केलं. त्याचंच नाव ढोंग पडलं. तुला वाटतं माझं दुखणं म्हणजे तुझ्या हातातली दोरी आहे, हवी तेव्हा ओढली, हवी तेव्हा सोडली. गाडी आणलीस तेव्हा मी मरणारी, पोरगी हातची जायला लागली की मी धडधाकट. सासूबाईंनी तरी एका वेळी एकच मत धरलं.

तुझं दुखतंय, हे मला कळतं. खरंच दुखतंय, हेही मानते. मी त्याला सोंग म्हटलं का?

त्या लोकांना घर बघायला येऊ दे. तू येऊ नकोस. काठीला तेल चांगलं लागतं म्हणतात, ती तशीच ठेव.

आक्का


चिंचवड, ३१ जानेवारी १९५५

आक्का,

फाडलं. सगुणाचं व्हायचं ते होवो. तुला परत ढोंगी म्हणवून मला संसार थाटायचा नाही.

हे मोठं शहाणपणाचं लिहिलंय असं समजू नकोस, लिहिताना रडत होतो.

भिमाजी


कुरुळी, १४ फेब्रुवारी १९५५

चि. भिमाजीस,

काल मायलेकी येऊन गेल्या.

सकाळीच मी घोंगडी गुंडाळली आणि अंगणात कांदा निवडत बसले. सासूबाई म्हणाल्या, "आगं पडून ऱ्हा की, पाव्हणं यायचं हायेत." मी म्हटलं, "पाहुणे घर बघणार, मग घरातली बाई नको का बघायला?"

ठकुबाई दारात आली आणि मला बघून थबकली. "ह्या तर बसल्यात!" म्हणाली, जणू मी दिलेला शब्द मोडला होता.

"बसलेय, आणि बरीच वर्षं बसणार आहे," मी म्हटलं. "पुण्याचा डॉक्टर काय म्हणाला ते ह्यांनाच विचारा. काय हो, काय म्हणाला होता?"

दाजी बैलांना वैरण टाकत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बैलाकडे बघितलं. बैलानं काही मदत केली नाही.

"मारत न्हाई म्हणला हे दुखणं," ते म्हणाले.

"आणि?"

"आन... जात बी न्हाई म्हणला. जलमभर ऱ्हातंय."

सासूबाई त्यांच्यावर उसळल्या. "मग मला काय न्हाई म्हणून का सांगितलंस रं मुडद्या?"

"जिवाला काय न्हाई, असं म्हणलो मी आये."

पाच वर्षांत त्यांनी एक वाक्य पुरं केलं. सून मरणार नाही हे कळल्यावर सासूबाईंना आनंद झाला असेल, पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

पहिल्यांदा उमगलं ते ठकुबाईला. ती माझ्याजवळ कांद्यातच बसली. म्हणाली, "माझं डोकं बी असंच हाय बगा. मारत न्हाई, म्हणून कुणी खरं धरत न्हाई. मुंबैला नवऱ्याला कळवलं, तर लिवतोय की झोप काढ." मग आम्ही दोघी बोलत बसलो. ती रडली, मी रडले, दोघींना सोयीचं पडलं, पुढ्यात कांदाच होता. ती म्हणाली, पहाटे उठवत नाही तेव्हा वाटतं कुणाला सांगू. मी म्हटलं, मला सांगा. चिठ्ठी टाका. मी बरी करणार नाही, वाचेन. "तेवढं पुरं," म्हणाली. दवाखान्यात तू काय धीर देतोस हे तिला विचारलं नाही. तुझी अब्रू राखली.

तेवढ्यात सगुणा सासूबाईंना म्हणाली, अगदी अदबीनं, "आजी, मग मी कितव्या साली येऊ?"

सासूबाई उठून आत गेल्या. सोयरीक तिथंच संपली.

जाताना सगुणानं मला विचारलं, "तुमचा भाऊ येवढा बोलतो, कधी गप बसतो का?" मी सांगितलं, गेल्या महिन्यात एकदा बसलाय, एक पत्र लिहून फाडलंय, आणि काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही. यातून तू काही अर्थ काढू नकोस. तुला अर्थ काढता येत नाहीत.

पाहुण्या गेल्या. चूल पेटायची वेळ झाली होती. सासूबाई माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. एका बाजूला घोंगडी, एका बाजूला चूल, आणि मी कुठं ठेवायची वस्तू आहे हे त्यांना कळेना. शेवटी वैतागून म्हणाल्या, "आगं मग आता करायचं तरी काय तुझं? आजारी धरायचं का बरी धरायचं, येक काय त्ये सांग."

मी म्हटलं, "दुखतंय म्हणेन तेव्हा बसायला पाट द्या. न्हाई म्हणेन तेव्हा पळी द्या."

त्यांनी बराच विचार केला. "आन दुखत बी आसंल, आन कालवण बी तुलाच करायचं आसंल, तर?"

"तर दोन्ही द्या."

पळी त्यांनी पुढ्यात आपटली. पाट पायानं सरकवला, रागानंच. पण सरकवला.

आक्का